अडचण कोणालाही नाही

माझा अहवाल तेवीस पानांचा होता आणि तो मी छातीठोकपणे लिहिला होता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको, की बिचाऱ्यावर कामाचा ताण असेल, घाई झाली असेल. कसला ताण आणि कसली घाई. मी तो मजेत लिहिला होता.

विषय होता, रुग्णालयातल्या कॉम्प्युटरांसाठी विकतची सिस्टिम बरी की मुक्त सिस्टिम बरी. सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यात आधी जागा होणारा आणि बाकीच्या प्रोग्रॅमना कामाला लावणारा कारभारी. विकतची सिस्टिम एका कंपनीची असते. परवाना घ्यायचा, वापरायची, आत काय आहे ते विचारायचं नाही. मुक्त सिस्टिम जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली असते. कोणीही घ्यावी, उघडून बघावी, बिघडलं तर दुरुस्त करावी आणि दुसऱ्यालाही द्यावी. एक म्हणजे झाकण कायमचं बंद करून दिलेलं यंत्र आणि दुसरं म्हणजे सोबत स्क्रू ड्रायव्हरही दिलेलं. आता तुम्हीच सांगा, कुठलं बरं? मी हा प्रश्न असा विचारायचो, की समोरच्याने उत्तर द्यायची गरजच उरायची नाही.

रुग्णालयात मला सगळे सिस्टिमवाला म्हणतात. दहा वर्षं मी मुक्त सिस्टिमसाठी वरिष्ठांच्या मागे भुणभुण लावली होती. शेवटी कंटाळून ते म्हणाले, आधी एका विभागात लावून दाखवा, सहा महिन्यांनी तुलनेचा अहवाल द्या, बरा वाटला तर सगळीकडे लावू. मी टायपिंगचा विभाग निवडला, कारण तो लहान होता आणि तिथली एक टायपिस्ट माझी मावशी होती. घरचं माणूस आहे, मला तोंडघशी पाडणार नाही, असा माझा हिशेब.

तर मावशीबद्दल. ती आईची धाकटी बहीण. तिला एकोणिसाव्या वर्षापासून दिसत नाही. टायपिंग मला तिनेच शिकवलं, चुकीचं बोट वापरलं की आवाजावरून ओळखून टपली मारायची. माझी इथली नोकरीही तिनेच शब्द टाकल्यामुळे लागली. विभागातल्या सहाही जणींमध्ये ती सगळ्यात जुनी, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, आणि सगळ्याच तिला मावशी म्हणतात. ती माझी सख्खी मावशी आहे हे नव्या माणसाला महिनाभर कळत नाही.

या विभागाचं काम असं. डॉक्टर तपासणी झाली की काय दिसलं ते रेकॉर्डरमध्ये बोलतात. ते बोलणं टायपिस्टकडे येतं, त्या पायाखालच्या पेडलने ते सुरू-बंद करतात आणि टाइप करतात. मावशी दोन आवाज एकदम ऐकायची. डाव्या कानात डॉक्टर आणि उजव्या कानात तिने टाइप केलेलं वाचून दाखवणारा कॉम्प्युटर. तोही इतक्या वेगात, की आपल्याला नुसती गुणगुण ऐकू यावी. दाराजवळच्या भिंतीवर रोज कोणी किती ओळी केल्या त्याचा तक्ता लागतो. त्यात मावशी अकरा वर्षं पहिली होती. सकाळी आत आली की पिशवी ठेवायच्या आधी तिचं पहिलं वाक्य असायचं, "वाचा गं तक्ता." त्यावरून सगळ्या तिची खेचायच्या आणि तिला ते आवडायचं.

सिस्टिम बदलली त्या दिवशी मी एकोणीस रकान्यांची यादी घेऊन प्रत्येक मशीनवर बसलो. छपाई होते का, पेडल चालतं का, फायली उघडतात का. सतरावा रकाना होता, न दिसणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी वाचून दाखवण्याची सोय. मी मावशीच्या खुर्चीत बसलो, तिचे हेडफोन लावले, एक पान उघडलं. आवाज आला, चांगला खणखणीत. मी 'चालते' असं लिहिलं. मिनिटभर लागलं असेल. मावशी शेजारी उभी होती. तिला विचारलं, येतोय ना आवाज? ती म्हणाली, येतोय. झालं, अठरावा रकाना.

त्याच दिवशी मी सगळ्यांना एक गोष्ट बजावली. अडलं की मला हाका मारायच्या नाहीत. मुक्त सिस्टिमचा आपल्या भाषेतला एक मंच इंटरनेटवर आहे, तिथे प्रश्न लिहायचा. जगभरचे जाणकार तिथे फुकट उत्तरं देतात. एकाचा प्रश्न सुटला की तो सगळ्यांना वाचायला मिळतो, ही तर त्यातली गंमत. त्या जाणकारांपैकी एक मीच होतो, हे विभागात सांगितलं नव्हतं. घरी मात्र मी 'पोलाद' या टोपणनावाने तिथे कशी एकेकाची खोड मोडतो, याच्या फुशारक्या मारल्या होत्या. दुपारी जेवताना मोबाइलवर मी चार-पाच जणांना उत्तरं द्यायचो. मावशी समोर बसून जेवत असायची.

पुढचे महिने माझे मोठे सुखाचे गेले. पाच जणींच्या ओळी हळूहळू वाढल्या. मावशीच्या कमी झाल्या, पण मी सरासरी काढत होतो आणि सरासरी वाढत होती. एक दिवस दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं, की तुमच्या मावशी हल्ली सकाळी सातलाच येतात, मी कुलूप उघडायच्या आधी पायरीवर बसलेल्या असतात. मला भरून आलं. मी ते अहवालात घातलं. एक ज्येष्ठ दृष्टिहीन कर्मचारी नव्या सिस्टिमच्या उत्साहाने नियोजित वेळेच्या दोन तास आधी येऊ लागल्या आहेत, असं ते वाक्य होतं. मुख्य कार्यालयात मी ते वाचून दाखवलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत आल्यावर मी मावशीलाही कौतुकाने सांगितलं. ती जेवत होती. "टाळ्या वाजवल्या का," एवढंच म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, लाजली.

अहवालाच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत वाक्य होतं, 'अडचण कोणालाही नाही.'

आठवड्याभराने विभागाच्या प्रमुखबाईंनी मला बोलावलं. बाई सरळ स्वभावाच्या, आडून बोलणं त्यांना जमत नाही. समोर मावशीच्या सहा महिन्यांच्या ओळींचा कागद होता. निम्म्यावर आल्या होत्या. दोनदा समज देऊन झाली होती आणि मावशीने दोन्ही वेळा फक्त 'प्रयत्न करते' असं म्हटलं होतं. बाईंना वाईट वाटत होतं. त्यांनी मला स्पष्ट विचारलं, "हे तुमच्या सिस्टिममुळे तर नाही ना? तसं असेल तर आत्ताच सांगा, मी थांबते."

मी म्हणालो, सिस्टिम सगळ्यांना एकच आहे, बाकी पाच जणींच्या ओळी वाढल्यात, अहवालात आकडे आहेत.

"मग वयच म्हणायचं."

इथे मी गप्प राहिलो असतो तरी आज थोडं तोंड वर करता आलं असतं. मी गप्प नाही राहिलो. मी म्हणालो, "असेल."

मावशीची बदली मुख्य दारापाशी चौकशीच्या फोनवर झाली. टायपिंगमधून बाहेर, कायमची. बदलीच्या पत्रासोबत कारण म्हणून माझ्या अहवालाचं शेवटचं पान जोडलं होतं. ते पत्र तिला वाचून दाखवायचं काम बाईंनी माझ्यावर टाकलं, घरचे म्हणून. मी वाचलं आणि वर म्हणालो, की फोनवर आराम आहे, दगदग नाही, उलट बरंच झालं. मावशीने हेडफोनची वायर नीट गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि उठली. चौतीस वर्षांची खुर्ची सोडताना तिने एक शब्द काढला नाही, आणि मला तेव्हा त्याचंही बरंच वाटलं.

मंगळवारी तिच्या जागी नवी टायपिस्ट येणार होती. म्हणून सोमवारी सकाळी मी मावशीचं मशीन रिकामं करायला बसलो. फायली हलवता हलवता पाय पेडलवर पडला, एका डॉक्टरांचं बोलणं चुकून सुरू झालं आणि त्याच वेळी वाचून दाखवणारा आवाजही चालू होता. कानात हेडफोन होते. डाव्या कानात डॉक्टर व्यवस्थित बोलत होते. उजव्या कानातला आवाज मात्र तुकडे तुकडे होऊन येत होता. शब्दाची सुरुवात यायची, शेवट गिळलेला. पेडल सोडलं, डॉक्टर थांबले, की उजवा कान ठणठणीत. पेडल दाबलं की पुन्हा तुकडे. मी दहा-बारा वेळा दाबून-सोडून पाहिलं.

मी तपासताना एकच आवाज ऐकला होता. या खोलीत दोन आवाज एकदम ऐकून काम करणारं एकच माणूस होतं आणि ते कसं काम करतं हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. बाकी पाच जणी डोळ्यांनी वाचतात, त्यांना हे कधी जाणवणारच नव्हतं. म्हणजे सहा महिने मावशी एक वाक्य ऐकायची, पेडल सोडून थांबायची, आपण काय लिहिलं ते ऐकायची, मग पुढचं वाक्य. दिवसभर, वाक्यागणिक. त्यासाठी सातला येऊन पायरीवर बसणं.

आधी मला तिचाच राग आला, हेही कबूल करतो. अगं, सांगायचं ना. एवढा मी समोर बसून जेवतो. मग मी उपाय शोधायला मंचावर गेलो आणि शोधात 'दोन आवाज' असं टाकलं. एकच प्रश्न निघाला. सिस्टिम बदलली त्याच आठवड्यातला, गुरुवार, दुपारची वेळ.

'दोन आवाज एकदम लावले की एक तुटतो. वेग वाढवला की जास्त तुटतो. माझं काम अडलं आहे. कृपया काय करावं ते सांगावं.'

खाली उत्तर होतं पोलादचं.

'एका वेळी एकच ऐका, म्हणजे तुटणार नाही. आणि इथे येऊन रडण्याआधी सूचनापुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांनी विकतची सिस्टिम घ्यावी. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवायला अक्कल लागत नाही.'

त्या उत्तराला चौदा जणांनी शाबासकीचा अंगठा दिला होता. मला ते लिहिल्याचं आठवतही नव्हतं. कोणीतरी गाणी आणि सिनेमा एकदम लावून बसला असेल, असं धरून मी टोला हाणला असणार. विचारणाऱ्याचं टोपणनाव होतं 'खडखड'. मावशीच्या जुन्या टाइपरायटरला मी लहानपणी खडखड म्हणायचो आणि काही वर्षं तिलाही खडखडमावशीच म्हणायचो. जगात हे नाव फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. आणि मी ते बघितलंही नव्हतं. खडखडने त्यानंतर मंचावर कधीही काहीही विचारलं नव्हतं.

मी पुन्हा वेळ पाहिली. दुपारी एक वाजून दहा मिनिटांचा प्रश्न, एक अठराचं उत्तर. म्हणजे तिने जागेवर बसून प्रश्न लिहिला, डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली, आणि ती जेवत असताना मी तिच्यासमोरच तिला हे लिहिलं.

दुरुस्तीला किती वेळ लागला? वीस मिनिटं. आवाजांची वाटणी करणारी एक फाइल असते, त्यात एक आकडा वाढवायचा. झाकण उघडता येतं म्हणून मी ज्या सिस्टिमच्या आरत्या ओवाळत होतो, तिचं झाकण खरंच उघडलं आणि खरंच दुरुस्त झालं. याचा मला आनंद व्हायला हवा होता. तेवीस पानं खरडली आणि एक साधी गोष्ट त्यात लिहायची राहिली. विकतच्या सिस्टिमचं काही बिघडलं तर कंपनीचा एक नंबर असतो. पलीकडचा माणूस पगारी असतो, पाठ केलेलं बोलतो, पण निदान 'तुमची अडचण सांगा' असं तरी म्हणतो. आमच्याकडे त्या नंबराच्या जागी माणसं असतात. मावशीच्या वाट्याला त्यातला मी आलो.

मी प्रमुखबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं, मंचावरचं उत्तरसुद्धा. त्यांनी ते मोबाइलवर वाचलं आणि मोबाइल मला परत दिला. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, की मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही तपासलं होतं का? मी नाही म्हणालो. मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. मी तिथेच बसून लिहिलं, की शेवटच्या पानावरचं वाक्य खोटं आहे, सतरावा रकाना मी नीट न तपासता भरला, लवकर येण्याला उत्साह म्हटलं ती अडचण होती आणि ती विचारली गेली तेव्हा मी हाकलून लावली. खाली सही केली. ते मुख्य कार्यालयात जाणार होतं, जिथे टाळ्या वाजल्या होत्या. बाई म्हणाल्या, बदली मी मागे घेते, त्यांना विचारा परत यायचंय का, खुर्ची त्यांचीच आहे.

मुख्य दारापाशी मावशी फोनवर बोलत होती. कोणीतरी रक्ततपासणीची खोली विचारत होतं. तिने सांगितलं, दुसऱ्या मजल्यावर, जिन्यातून वर आलात की उजवीकडे. फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा तोच माणूस. तिने त्याच आवाजात पुन्हा सांगितलं, आणि या वेळी पायऱ्या किती आहेत तेही.

मी समोर उभा राहून एका दमात बोलून टाकलं. दोन आवाजांचं भांडण, तो आकडा, दुरुस्ती, माझा नवा कागद, खुर्ची. ती मान थोडी तिरकी करून ऐकत होती. संपल्यावर तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"म्हणजे यंत्रच होतं," ती म्हणाली. "मी नव्हते."

"तू नव्हतीस, मावशी."

"मला वाटायला लागलं होतं, माझे कान गेले. आता तेही गेले म्हटलं." तिने नाक ओढलं. "उद्या येते म्हणावं बाईंना."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तिने मला सोडलं होतं, तिने विषयही काढला नव्हता. पण मी म्हणालो, "आणि मंचावर ते उत्तर... ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे की. पोलाद. तूच तर सांगत असतोस घरी."

"माहीत होतं?"

"म्हणून तर ती पुस्तिका ऐकली. पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणालास ना. त्यासाठीच लवकर येत होते आधी. दोनदा ऐकली, माझ्या प्रश्नाचं त्यात काहीच नव्हतं. पुन्हा विचारायला मग धीर झाला नाही. मला वाटलं, ओळखून लिहिलंस. ऑफिसात घरचं माणूस नको, सवलत दिली असं कोणी म्हणायला नको, म्हणून जास्तच तोडून बोललास. वाईट वाटलं, पण म्हटलं, असेल त्याचं काही."

सहा महिने ती माझ्यासमोर बसून जेवत होती आणि हे मनात ठेवून जेवत होती. माझ्याजवळ एकच वाक्य उरलं होतं. ते मी जिना उतरताना तयार केलं होतं, आणि त्याने तिला थोडं तरी बरं वाटेल अशी माझी खात्री होती.

"नाही गं," मी म्हणालो. "ओळखलंच नव्हतं मी. तू आहेस हे कळलं असतं तर मी असं लिहिलंच नसतं."

तिने चेहरा माझ्याकडे वळवला. मग तिने हळू आवाजात विचारलं, "म्हणजे विचारणारी मी नसते तर चाललं असतं?"

फोन वाजला आणि तिने तो उचलला. मंचावर माझी तीन हजारांवर उत्तरं आहेत. त्यातलं एकही तिच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवावं असं मला तिथे उभ्या उभ्या आठवेना.